मार्थाबाईंची फिरायची वेळ

बत्तीस वर्षं मी पाय बनवले. हातही बनवले, पण ते कमी. नाताळच्या अंकासाठी संपादकांचा फोन आला, "देवाविषयीचा एखादा अनुभव लिहा," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मी धर्मगुरू नाही, कारागीर आहे. ते म्हणाले, मग कारागिरीचंच लिहा, देव त्यात कुठे ना कुठे येईलच. त्यांना काय माहीत होतं कोण जाणे, पण माझ्या बाबतीत तो खरंच वर्कशॉपमध्येच भेटला. चर्चमध्ये मी त्याला चाळीस वर्षं नुसता नमस्कार करत होतो.

नागपुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागे, निंबाच्या झाडाखाली आमचं पत्र्याच्या छताचं वर्कशॉप होतं. उन्हाळ्यात आत भट्टी, आणि त्यात खरी भट्टीही पेटलेली, कारण प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करावा लागे. तापलेलं प्लास्टिक, रबराचं सोल्युशन आणि प्लास्टरची पांढरी भुकटी यांचा मिळून जो वास व्हायचा तो माझ्या कपड्यांतून कधी गेला नाही. बायको म्हणायची, तुम्ही येता ते गल्लीच्या तोंडाशीच कळतं. आता मिहानकडे एका कंपनीत संगणकावर पायाचं माप घेतात असं ऐकतो. चांगलं आहे. पण त्या वासाची आठवण झाली की मला अजून सकाळी साडेआठला डबा घेऊन निघावंसं वाटतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कृत्रिम पाय म्हणजे पंजा आणि पोटरी. ते तर सोपं. अवघड असते ती वरची वाटी, जिच्यात कापून उरलेला पाय बसतो. तिला आम्ही सॉकेट म्हणतो. उरलेल्या पायावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून त्या पायाची हुबेहूब मूर्ती करायची, आणि तापलेलं प्लास्टिक तिच्यावर चढवायच्या आधी कानशीनं ती घासायची. जिथे मांस आहे, भार पेलेल, तिथे जास्त घासायचं. जिथे हाड कातडीला टेकलंय तिथे उलट थर चढवायचा, म्हणजे वाटीत तेवढी जागा मोकळी राहते. हे सगळं बोटांनी चाचपून करायचं. माझ्या बोटांचं वर्कशॉपमध्ये नाव होतं, आणि ते नाव आहे हे मला माहीत होतं. पुढची सगळी गोष्ट त्यातूनच झाली.

नवा माणूस आला की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, पाय कशासाठी हवा? काटोलकडचे एक संत्र्याचे बागायतदार म्हणाले, "चालणं गेलं चुलीत, मले शिडीवर चढता आलं पाहिजे." कामठीच्या एका ऑटोवाल्यानं ब्रेक दाबता येईल असा उजवा पाय मागितला, आणि ट्रायल घ्यायला ऑटोच वर्कशॉपच्या दारात आणून उभा केला. इंदोऱ्याच्या एक आजी होत्या, त्यांना दीक्षाभूमीवर सगळ्यांबरोबर जमिनीवर बसायचं होतं. "खुर्ची नका देऊ मले. मी पाहुणी आहे का तिथं?" त्यांच्यासाठी मी गुडघ्याचा सांधा तीनदा बदलला. या तिघांचेही पाय जमले.

आणि मार्थाबाई म्हणाल्या, "मले फिराले जायचं आहे."

साठी उलटलेल्या, अंगानं भरलेल्या, एका मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बाई. पायात खिळा रुतला, साखरेचा आजार, जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भाचीकडे राहायच्या. मी फॉर्मवर 'फिरणे' लिहिलं आणि सहज विचारलं, "कोणासोबत?"

"येशूसंगं."

मी पेन थांबवला. त्या गमतीनं बोलत नव्हत्या. वसतिगृहात साठ मुलींचा स्वयंपाक. पहाटेपासून भांडी, पोळ्या, आरडाओरडा. संध्याकाळी पाच ते सहा तेवढी मोकळीक. तेव्हा त्या फाटकातून निघायच्या आणि सेमिनरी हिल्सच्या चढापर्यंत जाऊन परत यायच्या. त्या तासात देवाशी बोलायच्या. नोकरी संपली तरी ती वेळ त्यांनी सोडली नाही.

"खाटेवर बसून नाही का बोलता येत?" मी विचारलं.

"येते न. पण बसलं की मी मागतच राहते त्याले. हे दे, ते दे. चालताना मागणं सुचत नाही, गोष्टी निघतात." मग जरा लाजून म्हणाल्या, "पाय कापल्यापासून आमची भेटच नाही म्हणा न. तो येत असंन फाटकापाशी. मीच नाही जात."

घरी जाऊन मी हे बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. वाईट हेतूनं नव्हे. मी रविवार न चुकवणारा, चर्चच्या कमिटीवरचा माणूस. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना सांगावी तर प्रभाकरभाऊंनीच, असं लोक म्हणत. पण माझं आणि देवाचं नातं मोठ्या साहेबाशी असतं तसं. वेळेवर हजर राहायचं, नीट भाषेत अर्ज द्यायचा आणि आपली चूक शक्यतो त्याच्या टेबलापर्यंत जाऊ द्यायची नाही.

डिसेंबर होता. दवाखान्याला देणग्या देणारे पाहुणे नाताळाआधी येणार होते. आमच्या प्रमुखांनी सांगितलं, एखादा नवा पेशंट त्यांच्यासमोर चालला तर बरं. मी म्हटलं, मार्थाबाई चालतील. एरवी दोन आठवड्यांचं काम मी सहा दिवसांत केलं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. नवा पाय पहिल्यांदा चढवला की दहा मिनिटांनी तो काढून कातडी पाहायची असते. लाली असेल आणि बघता बघता उतरली तर ठीक. उतरली नाही तर वाटी तिथे दाबते आहे, परत कानस घ्यायची. साखरेच्या पेशंटच्या बाबतीत तर हे देवाची आज्ञा समजून करायचं, कारण त्यांना दुखलेलं कळतच नाही. "टोचतंय का?" विचारून उपयोग नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं.

त्या दिवशी पाहुणे वेळेआधी आले. मार्थाबाई नवीन लुगडं नेसून, धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मधे उभ्या होत्या. मी पाय चढवला, त्या चालल्या, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मग दांड्यांबाहेर चालल्या, परत टाळ्या. पाऊण तास गेला. पाय मी काढला नाही. पाहुणे गेल्यावरही काढून पाहिला नाही, कारण प्रमुख माझी पाठ थोपटत होते. मार्थाबाईंना मी सांगितलं, "घरी रोज तासभर घाला, जास्त नको." त्या मला आशीर्वाद देत गेल्या.

आठवड्यानं भाची त्यांना ऑटोतून घेऊन आली. हाडाच्या कडेवर रुपयाएवढी जखम, काठ काळे. सर्जन मॅडमनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "रोज किती वेळ घालत होता?" त्यांनी विचारलं.

मार्थाबाई बोलायच्या आत मी बोललो. "घरी जास्त वेळ घातला असेल, मॅडम. सांगितलेलं ऐकत नाहीत हे लोक."

हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो. मार्थाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कोणी ओळखीचा माणूस रस्त्यात ओळख न दाखवता पुढे गेला की आपण जसं पाहतो, तसं. भाची म्हणाली, "नाही जी, तासभरच..." पण मार्थाबाईंनी तिचा हात दाबला. मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, सूचनेपेक्षा जास्त वापर. मार्थाबाईंना वॉर्डात भरती केलं. पंधरा दिवस पाहू, म्हणाल्या, नाहीतर गुडघ्याच्या वर कापावं लागेल.

गुडघा असणं आणि नसणं यात काय फरक आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत? गुडघा असला की माणूस चालतो. तो गेला की त्या वयात, त्या वजनात, बहुतेक जण खुर्ची धरतात. चढ चढणं तर विसरायचंच.

मी रोज डब्याच्या सुट्टीत वॉर्डात जायला लागलो. कधी संत्री, कधी बिस्किटं. त्या काहीच बोलल्या नाहीत त्या विषयावर. उलट माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायच्या. एकदा ड्युटी संपवून गेलो, पाच वाजले असतील. त्यांची खाट खिडकीशी होती. बाहेर पाहत त्या हळू आवाजात बोलत होत्या, "काहून गा, आज थंडी लय पाडली तू? त्या समोरच्या बुढीपाशी एकच शाल आहे, दिसत नाही का तुले?"

मी दचकलो. आमच्यात देवाला बाप म्हणतात, राजा म्हणतात, मेंढपाळ म्हणतात. 'गा' म्हणताना मी कोणालाच ऐकलं नव्हतं. आमच्या भागात 'गा' म्हणजे शेजारच्या गड्याला मारायची हाक.

"पास्टर रागावले होते एकदा," माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुमी शिकलेले, तुमी 'हे प्रभो' म्हणा. मले तेवढं मोठं नाव घेतलं की पुढचं बोलणंच आठवत नाही."

त्या रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना मीच सांगितली. मार्थाबाईंचं नाव घेऊन सांगितली. सर्वसमर्थ, दयाघन, करुणासागर, एकही शब्द अडखळला नाही. दोनतीन बायांनी डोळे पुसले. सोमवारी वॉर्डात गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली.

"लय मोठी प्रार्थना केली म्हणे माझ्यासाठी," मार्थाबाई म्हणाल्या. "पण प्रभाकरभाऊ, ते सांगितलं का त्याले?"

"काय?"

"जे तुमाले माहीत आहे. अन् मले."

माझे कान तापले. मी म्हणालो, "देवाला सगळं माहीतच असतं, बाई. त्याला काय सांगायचं?"

"आमच्या गल्लीत एक मैतरीण होती माझी," त्या म्हणाल्या. "तिच्या पोरानं घरातले दागिने विकले. साऱ्या मोहल्ल्याले ठाऊक. मलेही ठाऊक. पण ती माझ्याघरी यायची अन् भाजीच्या गोष्टी करून जायची. सहा महिने भाजीच्याच गोष्टी. मले मालूम आहे हे तिले मालूम, अन् तरी भाजी. एक दिवस आली, उंबऱ्यातच बसली अन् म्हणे, मार्था, असं झालं वं. बस. त्या दिवशी आमची मैत्री परत सुरू झाली. माहीत असणं येगळं भाऊ, सांगणं येगळं." त्यांनी पांघरूण नीट केलं. "मी सांगितलं त्याले तुमचं. रागावू नको म्हटलं. पण माझं सांगणं काय कामाचं?"

मी वर्कशॉपमध्ये परत आलो. सगळे जेवायला निंबाखाली बसले होते, आत कोणी नव्हतं. फळीवरून मी मार्थाबाईंच्या पायाची प्लास्टरची मूर्ती काढली, मांडीवर घेतली आणि डोळे मिटून त्या हाडावरून बोट फिरवलं. जिथे थर चढवायला हवा होता तिथे तो नखभर कमी होता. घाईत राहिलेला. दहा मिनिटांनी पाय काढला असता तर लाली दिसली असती. न काढल्यामुळे त्या बाई आठ दिवस रोज तासभर, मी सांगितलं तेवढाच वेळ, आपलं मांस त्या कडेवर घासत राहिल्या, मला आशीर्वाद देत.

मी प्रार्थना करायला लागलो. 'हे सर्वसमर्थ' म्हटलं आणि पुढे काही येईना. परत म्हटलं, परत तेच. लोकांसमोर अर्धा तास बोलणारा माणूस मी, एकटा असताना माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग तोंडातून जे निघालं ते माझ्या आईच्या बोलीत निघालं. शिकलो, कमिटीवर गेलो, तेव्हापासून मी ती बोली मागे टाकली होती.

"मी खोटं बोललो गा," मी म्हटलं. "त्या बाईवर ढकललं. मले भेव वाटलं."

एवढंच. छत फाटलं नाही, उजेड पडला नाही. पण मी बोलतोय ते कोणीतरी बसून ऐकतंय असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. टेबलापलीकडे नव्हे. शेजारी, त्याच बाकावर. मला रडू आलं आणि हातावरच्या प्लास्टरच्या भुकटीचा चिखल झाला.

तसाच, मूर्ती हातात घेऊन मी सर्जन मॅडमच्या खोलीत गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मूर्ती घेतली, स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. मग केसपेपर ओढला, ती ओळ खोडली आणि माझ्यासमोर नवीन लिहिली.

"तुम्हाला कळतंय का प्रभाकर, तुम्ही काय करत होतात?" त्या म्हणाल्या. "मी समजत होते, सॉकेट तुमचं आहे म्हणजे चांगलंच असणार. चांगल्या सॉकेटमध्ये, थोडा जास्त वेळ घातला म्हणून, एवढी जखम होते म्हणजे या पायाला रक्तच पोचत नाही. शुक्रवारी गुडघ्याच्या वर कापायचं मी जवळजवळ ठरवलं होतं."

माझ्या नावलौकिकावर विश्वास ठेवून त्या एक चांगला गुडघा कापणार होत्या.

शुक्रवारचं ऑपरेशन त्यांनी थांबवलं. ड्रेसिंग चालू ठेवलं. मला पेशंटच्या कामावरून काढून विशेष बुटांच्या टेबलावर बसवलं, बुटांचे तळ कापायला. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कारण कळलं. पाठ थोपटणारे प्रमुख दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. कमिटीवरच्या लोकांनाही कळलं, आणि प्रार्थना सांगायला मला बोलावणं बंद झालं. खोटं कशाला सांगू, ते मला फार लागलं. पण दुपारी निंबाखाली न बसता मी त्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये बसायला लागलो आणि हे लागलेलंही सांगायला लागलो. "लय झोंबलं गा," असं.

मार्थाबाईंची जखम भरायला होळी उजाडली. गुडघा वाचला. पण चार महिने त्यांनी खाटेवर आणि कुबड्यांवर काढले, ते महिने माझ्यामुळे गेले, आणि ते मी त्यांना परत देऊ शकलो नाही. नवा पाय बनवायची वेळ आली तेव्हा मॅडमनी दुसऱ्या कारागिराचं नाव घेतलं. मार्थाबाईंनी मान हलवून नको म्हटलं.

"प्रभाकरभाऊच बनवतीन."

"का?" मॅडमनी विचारलं.

"त्यांले आता माहीत आहे न कुठं टोचते ते."

मॅडमनी मला बुटांच्या टेबलावरून परत आणलं आणि तो पाय मी महिनाभर बनवला. एप्रिलच्या शेवटी त्या पहिल्यांदा फिरायला निघाल्या, तेव्हा भाचीनं मला सोबत बोलावलं, पडल्या तर धरायला कोणी हवं म्हणून. पाच वाजून गेले होते तरी रस्त्याची वाफ पायांना लागत होती. गुलमोहर फुलले होते. हातात काठी घेऊन मार्थाबाई वसतिगृहाच्या फाटकापाशी आल्या, थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी थोडे मागं राहा भाऊ."

मी दहा पावलं मागे राहिलो. पहिलं वळण गेलं. मग त्यांचा आवाज आला. आधी हळू, मग चांगला खणखणीत. कितीतरी महिन्यांचं बोलणं साठलेलं होतं. वॉर्डातल्या नर्सचं लग्न ठरलं ते, समोरची म्हातारी गेली ते, दवाखान्याच्या वरणात मीठ नसायचं ते. मधेच भांडल्या, "तुले येता नाही आलं का वॉर्डात रोज? एखाद्या दिवशी मले वाटलं, तू आलाच नाही." मग थांबल्या, श्वास घेतला आणि स्वतःच हसल्या. कशाला हसल्या ते मला माहीत नाही. ती त्यांची आपसातली गोष्ट. चढ काही त्या दिवशी गाठता आला नाही. तो त्यांनी पुढच्या थंडीत गाठला.

त्यानंतर सात वर्षं मार्थाबाई चालल्या. दर वर्षी पाय दाखवायला यायच्या, वाटी सैल झाली की मी बदलून द्यायचो. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, झोपेतच गेल्या. मातीला मी होतो. पास्टरनी चांगलं प्रवचन केलं, पण मला सारखं वाटत होतं की 'गा' म्हणणारं कोणीतरी बोलायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी त्यांची भाची वर्कशॉपमध्ये आली. जुन्या चादरीत गुंडाळलेला पाय तिनं माझ्या टेबलावर ठेवला. "काका, याचं काय करायचं? घरी ठेववत नाही, फेकवत नाही."

अशी वेळ धंद्यात नेहमी येते. नियम साधा आहे: वाटी ज्याची त्याची, ती दुसऱ्या कोणाच्या कामाची नसते, पण खालची नळी आणि पंजा चांगले असतील तर काढून गरजूला लावायचे. उमरेडची एक बाई महिन्यापासून पंज्यासाठी थांबलेली होती. मी स्क्रू काढायची किल्ली हातात घेतली. पंजा उलटा करून पाहिला. टाचेचं रबर चालून चालून बोटभर झिजलं होतं, बाकी ठणठणीत होता. मी किल्ली लावली, पण हात पुढे जाईना.

"काय करू आता, सांग," मी म्हटलं. "त्या उमरेडवालीले पाहिजे आहे, कळते मले. पण खोलवत नाही गा माझ्यानं. तूच तर रोज चालत होता या पायासंगं..."

मोठ्यानं बोलतोय हे माझ्या लक्षातही नव्हतं. बोलता बोलता नजर वर गेली तर समोर मार्थाबाईंची भाची. मी शरमलो. किल्ली खाली ठेवली, काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं.

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पदर सावरून बसली.

"बोलून घ्या काका," ती म्हणाली. "मले घाई नाही."